विवाह व कुटुंब समुपदेशनाचे पदव्युत्तर शिक्षण : सातारा-सांगलीकडे काम करायचे असेल तर नेमके काय शिकावे?

प्रीतिसंगम

नमस्कार. मी कराडची. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झाले आणि गेले दीड वर्ष एका समुपदेशन केंद्रात मदतनीस म्हणून काम करते आहे. नोंदवही भरणे, पत्रे पाठवणे, बैठकीच्या वेळी कोपऱ्यात बसून टिपणे काढणे एवढेच माझे काम. परंतु त्या कोपऱ्यातून जे दिसते त्यामुळे एक प्रश्न मनात घर करून बसला आहे, तो इथे मांडते.

केंद्रात बाई येते, तिची तक्रार लिहून घेतली जाते, नवऱ्याला बोलावणे जाते, दोघांना समोरासमोर बसवून मुलांच्या तोंडाकडे बघायला सांगितले जाते आणि समजुतीच्या कागदावर सह्या होतात. बहुतेक वेळा तीन-चार महिन्यांनी तीच बाई पुन्हा दारात उभी असते. एक उदाहरण ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. पाटणकडचे कुटुंब. नवरा नवी मुंबईच्या बाजारात माथाडी, गाववाल्यांसोबत खोलीवर राहणारा. बायको, दोन मुले, सासू आणि थोरली जाऊ गावी. तक्रारीत लिहिले होते की नवरा पैसे देत नाही. तो मात्र दर महिन्याला पैसे पाठवत होता, फक्त ते थोरल्या भावाच्या खात्यावर येत होते आणि घरखर्चाचा हिशोब जाऊबाईंच्या हाती होता. तीन बैठका झाल्या, पण जाऊबाईंना बोलावावे असे कोणालाच सुचले नाही. मला ते सुचले होते, पण बोलण्याचा अधिकार नव्हता आणि बोलावल्यावर पुढे काय करायचे तेही मला माहीत नव्हते.

परदेशात ‘मॅरेज अँड फॅमिली थेरपी’ या नावाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी असते असे वाचले आहे. आपल्याकडे असे शिक्षण कुठे मिळते? एम.ए. मानसशास्त्र करावे की एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी)? आणि तिकडे शिकलेले आपल्या जावा-भावांच्या घरात उपयोगी पडते का? वडिलांचा आग्रह बी.एड.चा आहे, त्यामुळे मला त्यांच्यापुढे ठोस काहीतरी मांडावे लागणार आहे.

माहुली_संगम

प्रीतिसंगम, प्रश्न फार नेमका विचारला आहेस. मी बाहेरच्या जिल्ह्यातल्या कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम करून निवृत्त झाले आणि आता साताऱ्यात राहते. मला माहीत आहे तेवढे सांगते.

पहिली गोष्ट वडिलांना स्पष्ट सांग, म्हणजे पुढे गैरसमज होणार नाही : ‘कुटुंबोपचारतज्ज्ञ’ असा स्वतंत्र परवाना आपल्या देशात नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मनोविकारांवर काम करणारा मानसशास्त्रज्ञ, म्हणून काम करायचे तर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी परिषदेने मान्य केलेलाच अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नुसत्या एम.ए. मानसशास्त्रावर ती नोंदणी होत नाही. दरवर्षी कितीतरी मुली हे न कळता दोन वर्षे घालवतात, म्हणून मुद्दाम लिहिते. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये जो केंद्रीय कायदा झाला, त्यात मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि वैद्यकीय व मनोविकार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते यांचा समावेश आहे. त्यामुळे या क्षेत्राची घडी आता कुठे बसू लागली आहे.

दुसरी गोष्ट, न्यायालयातल्या विवाह समुपदेशकाच्या जागेसाठी आपल्या राज्यात समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कुटुंब समुपदेशनाचा अनुभव मागतात. पोलीस ठाण्यांच्या आवारात चालणारा महिला व मुलांसाठीचा विशेष कक्षही समाजकार्य शिकलेल्या लोकांनीच उभा केला. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत त्याची सुरुवात केली होती. तेव्हा तू ज्या कामाबद्दल लिहितेस, त्याचे आपल्याकडचे दार बहुतांशी एम.एस.डब्ल्यू.मधून उघडते. साताऱ्याजवळ जकातवाडीला यशवंतराव चव्हाण समाजकार्य महाविद्यालय आहे, कोल्हापुरात सायबर नावाची संस्था आहे, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था आहे. घरून जाऊन-येऊन करता येण्यासारखे पर्यायही यात आहेत.

या शिक्षणात माझ्या मते सर्वांत मोलाचे असते ते क्षेत्रकार्य. आठवड्यातले साधारण दोन दिवस तुम्ही संस्थेत प्रत्यक्ष काम करता, त्याचा अहवाल लिहिता आणि त्या अहवालावर मार्गदर्शक तुमच्याशी एकट्याशी बोलतो. माझ्या पहिल्या अहवालावर बाईंनी लाल शाईने एकच वाक्य लिहिले होते : ‘यात सासू काय म्हणाली ते आहे, सासूला काय वाटत होते ते कुठे आहे?’ ते वाक्य मला नोकरीची सगळी वर्षे पुरले.

खटावकर

दूरशिक्षणातून काही करता येईल का? इग्नूचा ‘समुपदेशन व कुटुंबोपचार’ या नावाचाच एम.एस्सी. अभ्यासक्रम असल्याचे ऐकले होते. माण-खटावकडच्या मुलींना रोज कोल्हापूर किंवा पुणे गाठणे शक्य नसते.

माहुली_संगम

@खटावकर, इग्नूने तो अभ्यासक्रम चालवला आणि नावावरून पाहिले तर प्रीतिसंगमच्या प्रश्नाला तोच सर्वांत जवळचा. परंतु आरोग्यसेवेशी संबंधित विषय, ज्यात मानसशास्त्रही येते, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत असा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून लागू केला. त्यामुळे कोणत्याही दूरस्थ अभ्यासक्रमाचे पैसे भरण्याआधी त्याची त्या वर्षीची मान्यता लेखी तपासून घ्यावी. तुमची अडचण खरी आहे, आणि या निर्णयाचा सर्वांत मोठा फटका दुष्काळी तालुक्यांतल्या मुलींनाच बसणार आहे याचे मला वाईट वाटते. तरीही हे काम घरबसल्या वाचून शिकता येत नाही, हेही मला तितकेच मनापासून वाटते.

विटेकर

मी वेगळे मत मांडतो. आमच्या भागात नवरा-बायकोचे बिनसले की दोन्हीकडची चार शहाणी माणसे बसतात, मामा असतो, गावचा एखादा जुना माणूस असतो. माझ्या वडिलांनी अशी कितीतरी घरे सावरली आणि ते सातवी शिकलेले होते. २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा सरकारनेही हेच मान्य केले की गावातला तंटा गावातली माणसे मिटवू शकतात. दोन वर्षे शिकून आलेली पंचविशीतली मुलगी त्या बैठकीपेक्षा वेगळे काय करणार? शिक्षणाला विरोध नाही, शंका प्रामाणिक आहे.

वाईकरीण

विटेकरदादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर ठेवून लिहिते. माझ्यासाठी अशा दोन बैठका झाल्या आहेत. पहिलीला अकरा माणसे होती आणि त्यांत बाई मी एकटीच. माझी आई आतल्या खोलीत होती. सगळे चांगले लोक होते, कोणी आवाज चढवला नाही. पण त्यांना उत्तर हवे होते ते एकाच प्रश्नाचे : ‘नांदायला कधी येणार?’ मी का आले होते हे मला कोणी विचारले नाही. ते अकरा जणांसमोर सांगण्यासारखेही नव्हते.

पुढे शिकलेल्या समुपदेशकाकडेही गेले, तिथला अनुभवही फार वेगळा नव्हता. पहिल्याच भेटीत त्यांनी आम्हा दोघांना शेजारी बसवून विचारले, ‘हे हात उचलतात का?’ नवरा शेजारी बसलेला असताना मी काय उत्तर देणार होते? मी नाही म्हणाले आणि त्यांनी तसे लिहून घेतले. घरी गेल्यावर त्या प्रश्नाचा जाब मलाच द्यावा लागला. म्हणून मला असे वाटते की इथे प्रश्न नुसत्या पदवीचा नाही. त्या बाईंना कोणीतरी शिकवायला हवे होते की हा प्रश्न एकटीला, दार लावून विचारायचा असतो.

विटेकर

ताई, अकरा माणसांची गोष्ट वाचून थांबलो. आमच्या बैठकीतही बाया आतच असतात, हे मी कधी मोजले नव्हते.

मिरज_वकील

वाईकरीण यांनी सांगितलेली चूक कायद्याच्या अंगानेही गंभीर आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात कलम १४ प्रमाणे दंडाधिकारी समुपदेशनाचा आदेश देऊ शकतात, तो एकट्याला किंवा दोघांना मिळूनही देता येतो. त्याचे नियम २००६ मध्ये आले. झालेल्या हिंसेचे समर्थन करण्याची मुभा समुपदेशनात प्रतिवादीला मिळणार नाही आणि कोणत्याही पक्षाशी नातेसंबंध असलेली व्यक्ती समुपदेशक नेमली जाणार नाही, हे त्यांत स्पष्ट आहे. गावच्या बैठकीत नेमके याच्या उलट घडते. तिथे ‘ती उलट बोलली म्हणून’ हे वाक्य सर्वांत आधी येते आणि बसलेला प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा पाहुणा असतो.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरवले आहे. त्यामुळे न्यायालयातल्या समुपदेशकाच्या डोक्यावर प्रकरणाची तारीख असते. उपचाराचे तसे नसते. दोघांनी वेगळे व्हायचे ठरवले तरी मुलांचे आई-बाप म्हणून ते पुढे कसे वागतील यावर काम करणे हाही कुटुंबोपचारच आहे. शिकायला निघणाऱ्याने या दोन भूमिकांमधले अंतर पहिल्या दिवसापासून मनात ठेवावे.

विश्रामबाग

मी मूळची सांगलीची. मॅरेज अँड फॅमिली थेरपीची पदवी कॅलिफोर्नियात घेतली आणि परवाना घेऊन तिथेच काम करते. प्रीतिसंगम, तुझ्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करते. थोडे लांबेल.

या व्यवसायाला परवाना देणारे कॅलिफोर्निया हे अमेरिकेतले पहिले राज्य, साल १९६३. आज तिथे साठ सत्र-एककांची (क्रेडिट्सची) पदव्युत्तर पदवी लागते आणि परवान्यासाठी एकंदर ३,००० तास पर्यवेक्षणाखाली काम करावे लागते, तेही किमान १०४ आठवड्यांत विभागून. त्यांतले ५०० तास जोडपी, कुटुंबे आणि मुले यांच्यासोबतचे असावे लागतात. हे आकडे मोठेपणा सांगण्यासाठी देत नाही. आम्हाला वर्गात जेवढे शिकवले गेले त्याच्या कितीतरी पट आम्ही कोणाच्या तरी नजरेखाली काम करताना शिकलो, हे कळावे म्हणून देते. एका बाजूने दिसणारी काच असते, काचेमागे प्राध्यापक आणि सहा विद्यार्थी बसलेले असतात, कुटुंबाने त्याला लेखी संमती दिलेली असते. मधेच फोन वाजतो आणि प्राध्यापक सांगतात, ‘गेली दहा मिनिटे तू फक्त आईशी बोलते आहेस, मुलाने खुर्ची मागे सरकवली ती पाहिलीस का?’ पहिल्या वेळी मला रडू आले होते.

तिथे आधी शिकवतात ते पाहायला. तक्रार घेऊन आलेला माणूस एकटा नसतो, त्याच्याभोवती नात्यांची एक मांडणी असते आणि ती मांडणी जागची हलली नाही तर माणूस पुन्हा तिथेच जाऊन पोचतो. इटलीतल्या कुटुंबोपचारकांच्या मिलान गटाने यासाठी प्रश्न विचारण्याची एक रीत बसवली, तिला वर्तुळाकार प्रश्न म्हणतात. ‘तुम्हाला काय वाटते’ असे थेट न विचारता एका नात्याबद्दल तिसऱ्याला विचारायचे. तुझ्या पाटणच्या घरात मी सासूबाईंना विचारीन, ‘धाकटी माहेरी गेली की घरात सर्वांत जास्त जड कोणाला जाते?’ आणि थोरलीला विचारीन, ‘भाऊजींचा फोन आला की आधी कोणी घ्यायचा, हे या घरात कसे ठरले?’ या प्रश्नांत आरोप कोणावरच नाही, म्हणून त्यांना उत्तरे मिळतात. जावा-भावांच्या घरासाठी यापेक्षा उपयोगी हत्यार मला माहीत नाही.

आता ज्यासाठी हा प्रतिसाद लिहायला घेतला ती गोष्ट. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःच्या कुटुंबाचा तीन पिढ्यांचा नकाशा काढावा लागतो, त्याला जेनोग्राम म्हणतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, भांडणाच्या नात्याला नागमोडी रेघ, तुटलेल्या नात्याला खंडित रेघ. या विचारामागे मरे बोवेन हे मनोविकारतज्ज्ञ आहेत. १९६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका परिषदेत त्यांनी शास्त्रीय निबंध न वाचता स्वतःच्याच कुटुंबावर काय काम केले ते सांगितले होते. माझे आजोळ खानापूर तालुक्यातले. आजोबा सोने-चांदीच्या गलाईसाठी तमिळनाडूत, मामाही तिकडेच, यात्रेला आणि दिवाळीला येणारे. आई लग्न करून सांगलीला आली, वडिलांची नोकरी सतत फिरतीची. मी कागदावर चौकोन-वर्तुळे मांडली आणि प्राध्यापकांनी विचारले, ‘या नकाशात रोज घरी असलेला पुरुष कुठे आहे?’ तीन पिढ्यांत एकही नव्हता. तेव्हा मला कळले की समोर जोडपे बसले की मी बाईकडे पटकन का झुकते आणि घरकामात मदत करणारा नवरा मला खोटा का वाटतो. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नसते.

या अभ्यासाला काच लागत नाही, परदेश लागत नाही. मात्र प्रश्न विचारणारा जाणता माणूस समोर लागतो.

हरिपूरचे_पेव

विश्रामबागताई, प्रतिसाद दोनदा वाचला. पेवात हळद ठेवताना वरून माती सारखी दिसली तरी आत ओल कुठे आहे ते जाणत्यालाच कळते, असे आमचे आजोबा म्हणत, त्याची आठवण झाली. एक शंका आहे : आपल्याकडे लोक तिसऱ्या भेटीला येत नाहीत. बसभाडे, रोजगार बुडणे, ‘रोज काय बोलायचे’ ही भावना. तिकडची वीस-पंचवीस भेटींची रीत इथे कशी चालेल?

मनोसामाजिक_मिरज

मी मनोविकार विभागात समाजकार्यकर्ता आहे, म्हणून या शंकेवर लिहितो. कुटुंबाला सोबत घेऊन उपचार करणे ही आपल्याकडे बाहेरून आलेली रीत नव्हे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले आणि उपचारांत सामील करून घेतले. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आख्खे कुटुंब दाखल करून घेऊन काही आठवडे त्याच्यासोबत काम करण्याची सोय आहे, आणि तिथे शिकणाऱ्यांना ते काम पर्यवेक्षणाखाली करावे लागते.

भेटी कमी मिळणार हे धरूनच काम आखावे लागते. मी पहिल्या भेटीतच विचारतो, ‘तुम्हाला कितीदा येता येईल?’ दोनदा म्हणाले तर दोन भेटींत मावेल एवढेच उद्दिष्ट धरतो. नवरा बाहेरगावी असेल तर तो सुट्टीवर येतो तेव्हाची तारीख आधी धरतो. सैन्यातल्या किंवा मुंबईच्या माणसाला ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणण्यात अर्थ नसतो. हे बेत बांधणेही मी वरिष्ठांकडूनच शिकलो.

शिक्षणाबद्दल एक भर : एम.एस.डब्ल्यू.नंतर मनोविकार समाजकार्यात दोन वर्षांचे एम.फिल. हा या कामाचा सर्वांत भक्कम मार्ग होता. एम.फिल. पदवी बंद झाल्यावरही क्लिनिकल सायकॉलॉजी व मनोविकार समाजकार्य या दोन शाखांना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती. तेव्हा पुढची योजना करताना त्या-त्या संस्थेकडून ताजी माहिती घ्यावी.

विटेकर

एवढे वाचल्यावर पुन्हा विचारतो. मग शिकलेली नसलेली माणसे या कामातून बादच का?

विश्रामबाग

@विटेकर, नाही दादा. साल्वादोर मिनुचिन हे या क्षेत्रातले मोठे नाव. फिलाडेल्फियाच्या बाल मार्गदर्शन केंद्राचे ते प्रमुख होते. केंद्राभोवती गरीब कृष्णवर्णीय वस्ती आणि उपचार करणारे बाहेरचे सुशिक्षित, हे अंतर त्यांना खुपले. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी आणि ‘जे हेली’ या दुसऱ्या कुटुंबोपचारकांनी त्याच वस्तीतल्या, पदवी नसलेल्या माणसांना कुटुंबोपचाराचे शिक्षण दिले. समोर बसून काम पाहण्याची पर्यवेक्षणाची रीत त्यातून पुष्कळ घडली. म्हणजे तुमच्या वडिलांसारखी माणसे त्या काचेपुढे बसली होती, फक्त काचेमागे कोणीतरी त्यांना पाहत होते आणि चुकले तर त्याच क्षणी सांगत होते. गावच्या बैठकीत माणसे आणि त्यांची माया दोन्ही असतात, पण पंचांचे कुठे चुकले ते त्यांना सांगणारे कोणी नसते.

विटेकर

हे पटले. वडील शेवटी-शेवटी म्हणत, एका घरात मी चुकलो. कोणते घर ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

माहुली_संगम

प्रीतिसंगम, धागा लांबला, आता तुझ्याकडे परत येते. प्रवेश घेण्याआधी प्रत्येक महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचार. क्षेत्रकार्याला कुटुंबांसोबत काम करणारी संस्था मिळेल का, अहवालावर दर आठवड्याला कोण बोलणार, आणि ती व्यक्ती आजही स्वतः कुटुंबांना भेटते का. तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर इमारत कितीही चांगली असली तरी पुढे चल.

प्रीतिसंगम

सगळ्यांचे आभार मानते. रविवारी हा धागा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवला. ते वाईकरीणताईंच्या प्रतिसादाशी बराच वेळ थांबले आणि मग त्यांनी एवढेच विचारले की जकातवाडीला कराडहून सकाळची एस.टी. किती वाजता असते. बी.एड.चा अर्ज भरलेला नाही. एम.एस.डब्ल्यू.ला प्रवेश घेते आहे. दोन महाविद्यालयांत जाऊन माहुलीताईंचे तिन्ही प्रश्न विचारले, एका ठिकाणी तिसऱ्या प्रश्नाला बाईंनी आपल्या त्या आठवड्याच्या भेटींची वही काढून दाखवली.

विश्रामबागताईंचे वाचून घराचा नकाशा काढायला बसले होते. आजीच्या पिढीपाशी अडले, कारण तिच्या एका बहिणीचे नाव घरात कोणालाच सांगता येत नाही, किंवा सांगायचे नाही. आत्याला विचारणार आहे.

आणि पाटणच्या घराबद्दल. केंद्रातल्या ताईंना मी धीर करून विचारले. आधी बायकोला एकटीला, दार लावून भेटायचे आणि तिची हरकत नसेल तरच घरातल्या इतरांना बोलवायचे असे ठरले. ती भेट झाली, तिची हरकत नव्हती. नवरा गावच्या यात्रेला चार दिवस येणार आहे, त्यातला मंगळवार धरला आहे, आणि या वेळी थोरल्या जाऊबाईंना वेगळे, त्यांच्या स्वतःच्या नावाचे पत्र पाठवले आहे.